सगुणेची कास आणि वसंताचे हात

किस्से हे शेळीच्या लेंड्यांसारखे असतात. सकाळी अंगण लख्ख झाडा, केरसुणी कोपऱ्यात ठेवा, मागं वळून बघा: परत तेवढ्याच! कधी पडल्या, कोणी बघितल्या, पत्ता लागत नाही. आमच्या वसंताच्या अंगणात दोन्ही पडायचे. लेंड्या तो झाडायचा, किस्से माझ्या वाट्याला आले.

मी बंडू. रेल्वेत खलाशी म्हणून लागलो आणि खलाशी म्हणूनच सुटलो. शाळा म्हणाल तर सहावीपर्यंत. सहावीनं मला धरून ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मीच निसटलो. तेव्हा लिहिण्यात चुका सापडल्या तर त्या आमच्या मास्तरांना कळवा. ते वर गेलेत, पोचायला जरा वेळ लागेल.

वसंता माझा साहेब. साहेब म्हणजे काय, तर गाडी सुटायच्या आधी डब्यांखाली वाकून चाकं, ब्रेक, स्प्रिंगा तपासणारा. तो वाकायचा, मी पिशवी धरून उभा राहायचो. दोघं मूळचे भुसावळकडचे, नोकरी सगळी झाशीत. रिटायर झाल्यावर सीपरी बाजारच्या मागच्या गल्लीत समोरासमोर घरं घेतली. माझी बायको लवकर गेली, त्यामुळे माझा चहा, नाश्ता, टिंगल आणि टवाळी हे सगळं वसंताच्या अंगणात असे.

त्याची बायको शालूवहिनी. आणि वहिनींची शेळी सगुणा. काळीभोर, पांढऱ्या कानांची, चालताना अशी चाले की जशी मोठ्या साहेबाची बायको प्लॅटफॉर्मवर उतरलीय!

गेल्या वर्षी थंडीत वहिनींच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यानं तपासलं आणि वसंताला बाजूला घेऊन सांगितलं, "घर ले जाइए. जो गले से उतरे, दीजिए." काय उतरेल? पेज परत यायची. डाळीचं पाणी परत यायचं. भोपाळहून मुलगी फोनवर ओरडायची, "बाबा, पाउडर का दूध दो ना आईला!" तेही परत यायचं. पोटात राहायचं ते फक्त सगुणेचं दूध. कोमट, वाटीभर, चमच्या-चमच्यानं.

म्हणजे गाडी सगळी सगुणेच्या कासेवर आली. दूध स्वच्छ आलं तर वहिनींच्या पोटात चार घास अन्न, नाहीतर नाही. आणि ज्या हातांनी ती कास रोज धुतली, पुसली, जपली, त्या वहिनींच्या हातांत आता चमचाही राहायचा नाही.

राहिला कोण? वसंता! सारा संसार झाला, पण ज्यानं कधी शेळीच्या मागच्या बाजूला जाऊन बघितलं नव्हतं, तो!

* * *

पहिल्या सकाळी वहिनींची खाट अंगणात आणली. उन्हात, गोठ्यासमोर. वसंता बाह्या सरसावून चरवी घेऊन निघाला, जसा काही पंजाब मेल तपासायला चाललाय.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "हात दाखवा."

वसंतानं दाखवले. वहिनींनी तळहात उलटसुलट केला, नखांच्या कडेला बोट लावलं. "हे काळं काय?"

"ग्रीस आहे. नोकरीतलं. आता नाही जायचं ते."

"जाईल. साबण लावा. कोपरापर्यंत."

तो धुऊन आला. नखं वाढली होती, परत पाठवला. नखं कापून आला. अंगठी राहिली होती, अंगठीखाली घाण बसते, परत पाठवला. मग अंगठी काढायला पाव वाटी तेल लागलं. मी खाटेजवळ स्टुलावर बसून मोफत तमाशा बघत होतो.

शेवटी वसंता वैतागला. ओले हात पुढं करून म्हणाला, "शालू, लग्न ठरवताना तुझ्या बापानंसुद्धा माझे हात इतके बघितले नव्हते!"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "बघायला पाहिजे होते."

* * *

वहिनींची रीत अशी: पाणी कोमट, त्यात लाल दवेचा, जंतू मारायच्या पोटॅशचा, एकच कण, पाण्याला नुसता गुलाबी रंग दिसेल इतका. शेळीला सड दोन, म्हणून फडकी दोन. एकाचं फडकं दुसऱ्याला लावायचं नाही. धुतलं की कोरडं पुसायचं, कारण ओल्या कासेवरून थेंब ओघळतो तो सगळी घाण घेऊन चरवीत पडतो. पहिल्या दोन धारा काळ्या थाळीत. त्यात गुठळी दिसते का बघायचं. मग पुढची धार.

एवढं सगळं वसंतानं केलं. पाठ केलं होतं त्यानं. पण सगुणा पान्हाच सोडेना! वसंता ओढतोय, सगुणा पाय झाडतेय.

"अहो, ओढू नका!" वहिनी खाटेवरून म्हणाल्या. "ती काय गाडी थांबवायची साखळी आहे?"

मला राहवेना. मी वसंताच्या कानाशी गेलो. म्हटलं, "वहिनी रोज आधी तिला नमस्कार करायच्या. डोक्यावरचा पदर काढून. मी बघितलंय समोरच्या खिडकीतून. तू माकडटोपी घालून बसलायस, तिला अपमान वाटतो."

वसंतानं माझ्याकडं बघितलं, सगुणेकडं बघितलं. मग झाशीच्या त्या बोचऱ्या थंडीत माकडटोपी काढली, टक्कल उघडं टाकलं, आणि शेळीच्या मागच्या दोन पायांना हात जोडून म्हणाला, "नमस्कार."

वहिनी हसल्या. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. इतक्या हसल्या की ठसका लागला, आणि ठसक्याबरोबर रुमालावर लाल ठिपका आला.

वसंता टोपी हातात घेऊन तसाच उभा. माझी तर मान वर होईना. असली मस्करी करायची वेळ होती का, असं कोणी म्हणालं असतं तर मी गुपचूप घरी गेलो असतो.

वहिनींनी तोंड पुसलं. रुमालाची घडी घातली, ठिपका आतल्या बाजूला घेऊन. म्हणाल्या, "भावजी, उद्या काय करायला लावणार आहात ह्यांना?"

* * *

थंडीत सगुणेला केस वाढले. कासेवर, मांड्यांवर, लांब लांब. त्यात लेंडी अडकायची, माती चिकटायची. वहिनी म्हणाल्या, "केस काढून घ्या. केसाला चिकटलेलं दुधात येतं."

वसंता कात्रीला भितो. चाकाखाली बिनधास्त जाईल, पण कात्री म्हटलं की दोन पावलं मागं. त्यानं डोकं चालवलं आणि सगुणेला दोरी लावून थेट सीपरी बाजारात नेली. न्हाव्याकडं! ऑटोवाले हॉर्न वाजवतायत, ही बाई आपली मधोमध चालतेय, मागं मी.

दुकानात एक गिऱ्हाईक गालाला फेस लावून बसलेलं. न्हावी म्हातारा, हसतमुख. त्यानं आरशात सगुणेला बघितलं आणि न वळता म्हणाला, "बाबूजी, नंबर से आइए."

मग बाहेर आला, कास बघितली, मशीन हातात घेतलं आणि विचारलं, "जीरो मारूँ कि एक नंबर?"

वसंता गंभीरपणे म्हणाला, "घर में पूछना पड़ेगा." आणि लावला फोन!

पलीकडून वहिनींचा आवाज: "अहो, शेळीला घरी आणा. आणि त्या भैयांनाही घेऊन या. बाजारात बाईमाणसाची कास उघडी करतात का?"

आला बिचारा. अंगणात फडकं अंथरून बसला, मी शिंगं धरली, वसंतानं पाय धरले, आणि त्यानं सगुणेची कास अशी सफाईदार केली की जणू उद्या तिचा फोटो काढायचाय. मशीन पुसत उठायला लागला, तर वहिनी म्हणाल्या, "भैया, आए हो तो मेरे भी काट दो."

वहिनींचे केस कमरेपर्यंत. पडून पडून त्यांचा मागं गुंता झाला होता. वसंता रोज फणी घेऊन बसायचा, वहिनींना दुखायचं, त्याला बघवायचं नाही, गुंता तसाच राहायचा.

न्हाव्यानं हात जोडले. "अम्मा, हम औरतों के बाल नहीं काटते."

"बकरी के तो काटे!" वहिनी म्हणाल्या.

न्हावी खाली बसला, मशीन बाजूला ठेवलं, खिशातली साधी कात्री काढली. फार हळू कापले त्यानं. मध्ये थांबून नाक पुसायचा.

तो गेल्यावर वसंतानं अंगणातले सगुणेचे केस झाडून काढले. वहिनींचे झाडले नाहीत. उचलले.

* * *

एका सकाळी काळ्या थाळीत पांढऱ्या कण्या दिसल्या.

वसंतानं थाळी उन्हात नेली, परत बघितली. मग सगुणेजवळ उकिडवा बसला आणि हात उलटा करून बोटांची मागची बाजू कासेला लावली. आधी उजवीकडं, मग डावीकडं. मी हे हजारदा बघितलंय! आमच्या जुन्या दिवसांत गाडी येऊन थांबली की वसंता असाच पालथा हात चाकाच्या आसाच्या पेटीला लावायचा. तळहाताला भाजतं, खोटं समजतं; पालथ्या हाताला खरं कळतं. पेटी गरम लागली की डबा गाडीतून कापायचा, म्हणजे सोडवून बाजूला काढायचा.

"डावी गरम आहे," वसंता म्हणाला. आवाज एकदम ड्युटीवरचा. "कडक पण लागतेय."

दगडी झाली होती. कासेची सूज. वहिनींनी खाटेवर उठून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "डावीचं दूध वेगळं काढा. फेकून द्या. आधी उजवी काढा, मग डावी, आणि मग परत हात धुवा. डॉक्टरला बोलवा. अहो, लगेच!"

जनावरांचा डॉक्टर आला, सडात औषध भरलं, सुई टोचली, म्हणाला, थनैला, म्हणजे ही दगडीच, लवकर पकडलात, वाचेल. पण बरी होईपर्यंत ह्या शेळीचं दूध कोणी प्यायचं नाही, दोन्ही बाजूंचं. सुईचं औषध दुधात उतरतं.

ते दिवस वहिनींनी पाण्यावर काढले. ग्लुकोजच्या पाण्यावर. वसंता दिवसातून कितीदा तरी कास शेकायचा, गरम पाण्याचं फडकं ठेवायचा, पालथा हात लावायचा. मला तर त्या शेळीचा हेवा वाटायला लागला! इतकी सेवा रेल्वेनं कोणत्या इंजिनाची केली नसेल.

पण माणसाची सवय कुठं जाते? बिघडलेल्या डब्यावर आम्ही खडूनं मोठ्या अक्षरांत 'सिक' लिहायचो, म्हणजे शंटिंगवाल्याला कळावं, हा आजारी आहे, ह्याला गाडीला लावू नको. तर वसंतानं पांढरा खडू घेतला आणि सगुणेच्या काळ्या पाठीवर ठसठशीत लिहिलं: सिक.

मी हसून हसून भिंतीला टेकलो. गल्लीतली पोरं जमली. शेजारीण गच्चीवरून विचारायला लागली, बकरीवर काय लिहिलंय, इलेक्शन आहे का? सगुणा तोऱ्यात उभी, पाठीवर पाटी घेऊन.

वहिनींनीही बघितलं. म्हणाल्या, "अहो, माझ्या खाटेवर पण लिहा."

पोरं आपोआप पांगली.

वसंतानं शर्टाच्या बाहीनं सगुणेची पाठ पुसली. खडू कधीच गेला होता, तरी पुसतच होता.

* * *

सगुणा बरी झाली. डावीकडून दूध थोडं कमी झालं, पण आलं. वाटी परत सुरू झाली.

आता आणखी एक काम. धार काढून झाली की सडांना औषधाच्या छोट्या वाटीत बुडवायचं, आणि नंतर बराच वेळ शेळीला खाली बसू द्यायचं नाही. सडाचं तोंड तेव्हा उघडं असतं, मातीत बसली की घाण आत जाते. वहिनी त्या वेळेला तिच्यापुढं पाला टाकायच्या. पण सगुणा खाऊन व्हायची आणि पाय मुडपायला लागायची.

वसंतानं उपाय काढला: तिच्याशी बोलायचं. तो बोलायला लागला की ती कान वर करून उभी राहायची. काय बोलणार हा मुका माणूस? नोकरीत दिवसभर बरोबर असायचो आम्ही, "पिशवी दे" आणि "पिशवी घे" एवढंच ऐकलंय मी त्याच्या तोंडून! पण सगुणेपुढं त्याची टेप सुरू व्हायची. तिच्या मानेखाली हात घालून, हळू आवाजात.

एकदा मी चहा घेऊन आत जायला लागलो तर वहिनींनी हात वर करून थांबवलं. ओठांवर बोट ठेवलं.

गोठ्यातून वसंताचा आवाज येत होता. "...तेव्हा तिला घेऊन आलो आणि ड्युटीवरून बोलावणं आलं. नवी नवरी. स्टेशनवर बाकावर बसवली, म्हटलं, आलोच. आणि आलो दुसऱ्या दिवशी. तर तशीच बसली होती गं. हिंदी एक अक्षर येत नव्हतं तिला. ट्रंकेवर हात ठेवून बसली होती. मी काही बोललो नाही. काय बोलणार? चल म्हटलं. तेव्हा बोलायला पाहिजे होतं काहीतरी..."

मी म्हटलं, "वहिनी, तो सगुणेला घोळात घेतोय. तुमची सवत होणार ही!"

"होऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "माझ्याशी बोलले नाहीत तेवढं हिच्याशी बोलले. तुम्ही चहा ठेवा आणि खाट जरा गोठ्याकडं सरकवा."

मी सरकवली. रोज वीतभर सरकवायचो. वसंताला वाटायचं, ऊन बदलतंय म्हणून.

* * *

उन्हाळा लागला आणि डॉक्टर म्हणाला, सगुणा गाभण आहे, दिवस भरत आलेत, आता हिला आटवा. दूध काढणं बंद करा. नाहीतर पोटातल्या करडाचं मरण, आणि हिचंही.

वसंता म्हणाला, "नाही."

डॉक्टर म्हणाला, "बाबूजी, ये तो करना ही पड़ता है."

"जब करना होगा तब करेंगे," म्हणून वसंतानं त्याला दारापर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं. ते दोघं हळू बोलले होते, पण खाट आता गोठ्याच्या दारातच होती.

दुसऱ्या सकाळी त्यानं सगळं रोजच्यासारखं केलं. धुतलं, पुसलं, धार काढली, गाळली, कोमट केली. चमचा वहिनींच्या तोंडाशी नेला.

वहिनींनी तोंड मिटलं.

"शालू."

वहिनी मान न हलवता म्हणाल्या, "त्या पोटातल्याचं आहे ते."

"मग तू काय घेशील?"

"तुम्ही आटवा तिला. एक वेळ सोडा आधी. मग एक दिवस सोडा. मग दोन. ओरडेल ती. कास टम्म होईल, तुम्हाला बघवायचं नाही, तरी हात लावायचा नाही. लावलात की परत भरेल. आपोआप जिरतं मग."

"मी विचारतोय, तू काय घेशील?"

"अहो," वहिनी म्हणाल्या, "दूध काढायला शिकवलं तुम्हाला. आता न काढायला शिका."

वाटी तशीच राहिली. साय धरली. संध्याकाळीही तोंड उघडलं नाही. दुसऱ्या सकाळी वसंतानं चरवी पालथी घातली.

सगुणा ओरडायची. वसंता कोमट पाणी, दोन फडकी घेऊन बसायचा, कास धुवायचा, पुसायचा, पालथा हात लावून बघायचा, आणि मग दोन्ही हात काखेत दाबून बसायचा. सगुणा मागचा पाय सरकवून तयार उभी. मागं वळून बघायची, हा असा का बसलाय!

मी सुद्धा त्या दिवसांत काही मस्करी केली नाही. म्हणजे सुचल्या खूप. केल्या नाहीत.

* * *

आता शेवटचा सांगतो. हा मी कोणाला फारसा सांगत नाही, पण सगळ्यांत भारी हाच.

दुसरं दूध आणायचं होतं. मी गल्लीच्या टोकाच्या मोती भैयाकडून आणलं. झाशीजवळच्या टहरौलीकडचा माणूस, दहा-बारा शेळ्या दारात. सगुणेच्या वाटीत ओतलं, कोमट केलं, वहिनींना काही सांगितलं नाही. एक चमचा घेतला आणि सगळं उलटून पडलं. दम लागला त्यांना. म्हणाल्या, "भावजी, हात न धुता काढलंय. बोकडाचा वास आहे."

वसंतानं माझ्याकडं बघितलं. "चल," म्हणाला. "तिथंच जाऊन धुऊ."

मग आमची वरात निघाली! माझ्या हातात गरम पाण्याचा थर्मास, साबण, काळी थाळी. त्याच्या हातात लाल दवा, दोन फडकी, चरवी. मोती भैया दात घासत दारात उभा. वसंतानं त्याच्या शेळ्या ओळीनं बघितल्या, एक निवडली, पालथा हात लावला, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत साबण लावायला लागला.

मोतीनं तोंडातला फेस थुंकला. "काए बाबूजी, छिरिया को ब्याव है का?"

शेळीचं लग्न आहे का म्हणे! आजूबाजूचे खो खो हसायला लागले. कोणी म्हणालं हळद लावा, कोणी म्हणालं बँड बोलवा. मीही हसलो, आता काय. शेळीनं एक लाथ मारली, गुलाबी पाणी वसंताच्या धोतरावर. आणखी हशा!

वसंतानं नवं पाणी घेतलं आणि परत धुवायला लागला. एक सड, एक फडकं. दुसरा सड, दुसरं फडकं.

मी मोतीला बाजूला घेऊन सांगितलं, कशासाठी आहे. त्यानं दातवण फेकलं. हात पुसले, खाली बसला आणि शेळीचे मागचे पाय धरले. मग कोणी हसलं नाही.

चरवी झाकून आम्ही घरी आलो. वसंतानं गाळलं, तापवलं, निववलं. आज वाटी काठोकाठ भरली होती. खाटेजवळ बसून त्यानं वहिनींचं डोकं मांडीवर घेतलं.

वहिनींनी वाटीचा वास घेतला. बराच वेळ. म्हणाल्या, "छान धुतलंय."

वसंताचा चेहरा असा झाला की जशी बढतीच मिळाली!

चमचा ओठाला लावला. दूध ओठांच्या कडेनं खाली आलं. परत लावला. परत आलं. गिळायचं म्हटलं तरी गळा ऐकेना. वसंतानं पुसलं, तिसऱ्यांदा चमचा भरला, तर वहिनींनी त्याचं मनगट धरलं.

"तुम्ही घ्या," म्हणाल्या.

आता तुम्हाला सांगायला पाहिजे, वसंतानं जन्मात शेळीचं दूध तोंडाला लावलं नव्हतं. लग्न होऊन आल्या आल्या वहिनींनी कौतुकानं पेला पुढं केला, तर हा म्हणाला होता, "वास येतो." तेव्हापासून त्याचा चहा पिशवीच्या दुधाचा, वहिनींचा शेळीच्या. एका घरात दोन पातेली.

मला वाटलं, चिडणार, वाटी ठेवून देणार.

वसंतानं वाटी दोन्ही हातांत धरली. डोळे मिटले आणि सगळी प्यायला. एका दमात, थेंब ठेवला नाही. मिशा पांढऱ्या झाल्या.

वहिनी खालून त्याच्याकडं बघत होत्या. "कसं लागलं?"

वसंतानं मिशा पुसल्या नाहीत. म्हणाला, "वास येत नाही गं."

"मग रोज घेत जा," वहिनी म्हणाल्या.